बसायला जागा द्या : नांदेड-लातूरच्या दुकानदारांना खुले पत्र

नांदेडच्या वजिराबादेतले आणि लातूरच्या गंजगोलाईतले कापड दुकानदार, सराफ, शोरूमचे मालक, तसेच दोन्ही शहरांतल्या शिकवणी वर्गांचे संचालक यांना,



लग्नसराईत तुमच्या दुकानांत बस्ता बांधायला अख्खे घर येते. नवरीची आई, मावशी, आत्या, करवल्या, आणि किंमत ऐकून मधूनच बाहेर जाऊन येणारे वडील. सगळ्यांना बसायला जागा असते, पाणी येते, चहा येतो. त्यांच्यासमोर एक मुलगी उभी असते. ती शालू उलगडते, खांद्यावर टाकून दाखवते, घडी घालते, दुसरा उलगडते. ते घर बस्ता बांधून जाते, पुढचे येते. मुलगी उभीच असते. हे पत्र तिच्या पायांबद्दल आहे.

मी शल्यचिकित्सक आहे. मराठवाड्यातले पाय तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. तुमच्या दुकानांतली माणसे माझ्याकडे येतात, पण फार उशिरा येतात. ‘पायाच्या नसा फुगल्यात,’ एवढेच सांगतात. साडीचा काठ किंवा पँट वर घेतली की पोटरीवर निळ्या-हिरवट, नागमोडी शिरा उठलेल्या दिसतात. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडून कडक झालेली असते, तिथे खाज असते. त्या काळ्या डागाला नायटा समजून मेडिकलमधून मलमाच्या ट्यूबा आणून महिनोन्‌महिने चोळलेल्या असतात. काही जणांच्या त्याच जागी जखम झालेली असते. ती पट्टीने भरत नाही, मलमाने भरत नाही, आणि भरली तरी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडते. ‘साखर आहे का?’ म्हणून तपासणी होते, ती नॉर्मल येते, आणि घरी सगळे बुचकळ्यात पडतात. खरे कारण त्या जखमेपासून वीतभर वर, शिरेत बसलेले असते.

ते कारण तुम्हाला नीट कळावे असे वाटते, कारण ते कळले की माझी मागणी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. हृदय रक्त पायांपर्यंत ढकलते. ते परत वर आणायचे काम मुख्यतः पोटरीचे असते. पाऊल टाकताना पोटरीचे स्नायू आवळतात, त्यांच्यामधल्या खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर सरकते. ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांच्या आत एकाच दिशेने उघडणाऱ्या नाजूक झडपा असतात. विहिरीवरच्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह गळू लागला की पाइपातले पाणी खाली उतरते, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. शिरेचे तसेच होते. झडप गळू लागली की वर गेलेले रक्त परत खाली येऊन साचते. कातडीखालच्या शिरांना आधाराला स्नायू नसतो, म्हणून त्या ताणतात, फुगतात, वाकड्या होतात. शीर रुंदावली की झडपेची पाती एकमेकांपासून आणखी दूर जातात आणि गळती वाढते. एकदा सुरू झालेले हे चक्र आपोआप थांबत नाही.

आता एक आकडा सांगतो. माणूस न हलता उभा राहिला की घोट्याजवळच्या शिरेतला दाब ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका चढतो. तोच माणूस काही पावले चालला, की निरोगी पायात हा दाब ३० च्या आसपास किंवा त्याखाली येतो. म्हणजे त्रास पायांवर असण्याचा नाही. त्रास एका जागी खिळून राहण्याचा आहे. शेतात दिवसभर चालणाऱ्या बाईची पोटरी काम करत असते. काउंटरमागे दोन फुटांच्या फरशीवर बारा तास काढणाऱ्या तुमच्या मुलीची पोटरी मात्र थांबलेली असते, आणि तो दाब तास न्‌ तास तिच्या घोट्यावर असतो. वाढलेल्या दाबाने रक्तातल्या तांबड्या पेशी बारीक केशवाहिन्यांतून बाहेर झिरपतात, त्यांतले लोह कातडीत उतरते आणि तिथे तो काळा डाग पडतो. कातडी उपाशी राहते, पातळ होते. मग कपाटाच्या कोपऱ्याचा एखादा ओरखडासुद्धा जखमेला पुरतो.

हा आजार केवळ उभे राहिल्याने होतो असे मी म्हणणार नाही. आईवडिलांकडून तो येतो, वाढत्या वयाबरोबर येतो, वजनाने येतो, बाळंतपणांनी येतो. पण उभ्याच्या कामाने तो बळावतो, याला आधार आहे. डेन्मार्कमध्ये नोकरदारांवर १२ वर्षे लक्ष ठेवून एक अभ्यास झाला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. कामाचा बहुतेक वेळ उभ्याने किंवा चालत काढणाऱ्यांना शिरांच्या गाठींसाठी, म्हणजे अशा फुगलेल्या शिरांसाठी, रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचा धोका इतरांच्या सुमारे पावणेदोन पट निघाला. तो देश थंड आहे. आपल्याकडे लग्नसराई नेमकी एप्रिल-मेमध्ये येते, पारा चाळिशीच्या पुढे असतो, आणि उष्णतेने शिरा आणखी सैलावतात. वर्षातले सर्वांत लांब उभे दिवस आणि वर्षातले सर्वांत तापलेले दिवस आपल्या दोन जिल्ह्यांत एकत्र येतात. माझ्याकडची गर्दीही तेव्हाच वाढते.

हा बायकांचा आजार आहे, असाही समज पक्का आहे. एडिनबरो शहरात सर्वसामान्य लोकांचे पाय तपासून १९९९ मध्ये निष्कर्ष मांडले गेले, तेव्हा मोठ्या शिरांच्या गाठी ४० टक्के पुरुषांत आणि ३२ टक्के स्त्रियांत आढळल्या. पुरुष पँटखाली झाकतो आणि जखम होईपर्यंत बोलत नाही, एवढाच फरक. एसटीचा वाहक, चौकातला वाहतूक पोलीस, केशकर्तनालयातला कारागीर, हॉटेलातला आचारी, वॉर्डातली सिस्टर, हे सगळे माझ्या रुग्णांत आहेत. आणि शिकवणी वर्गांचे मास्तर. लातूर पॅटर्नने या भागातल्या मुलांना वैद्यकीय महाविद्यालयांची दारे उघडून दिली, त्याचा मला अभिमान आहे. पण त्या मुलांना मानवी हृदयाच्या झडपा शिकवणारा जीवशास्त्राचा शिक्षक लागोपाठ बॅच घेत सकाळपासून फळ्यापुढे उभा असतो, आणि त्याच्याच पायातल्या झडपा गळत असतात. संचालकहो, डायसवर एक उंच स्टूल ठेवल्याने एकाही विद्यार्थ्याचा गुण कमी होणार नाही.

तुम्ही म्हणाल, गिऱ्हाइकापुढे नोकर बसलेला बरा दिसत नाही. इथे मला तुमच्याच दुकानाचा इतिहास सांगावासा वाटतो. काचेची शोरूम येण्याआधी आपल्याकडचे कापड दुकान गादीवर चालत असे. पांढरीशुभ्र चादर, लोड, तक्के. गिऱ्हाईक चपला काढून वर येई, मांडी घालून बसे, आणि दाखवणारा गुमास्ताही समोर बसूनच थान उलगडत असे. मुनीमजी बसलेले, शेठजी बसलेले, नोकर बसलेला. त्यात गिऱ्हाइकाचा अपमान होतो असे कुणालाही वाटत नव्हते, आणि धंदाही चालत होता. काही जुन्या पेढ्यांत ती गादी अजून दिसते. नोकराने उभे राहिलेच पाहिजे, ही रीत आपल्या बापजाद्यांची नव्हे. ती शोरूमच्या काचेबरोबर आली आणि कुणी विचार न करता ठेवून घेतली.

कायद्याची बाजूही सांगतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ४४ होते : ज्याला उभ्याने काम करावे लागते त्या कामगाराला, कामात फुरसत मिळेल तेव्हा बसता यावे, अशी सोय मालकाने करायची. म्हणजे नांदेडच्या उस्मानशाही गिरणीतल्या कामगाराला हा हक्क कागदावर तरी होता. दुकानातल्या कामगाराला मात्र तो नव्हता. केरळात कोझिकोडच्या बाजारपेठेत कापड दुकानांतल्या बायकांनी यासाठी लढा दिला. पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईने ‘पेण्‌कूट्ट्’ नावाची संघटना उभी केली. आधी भांडण झाले ते संडास-मुतारीसाठी, कारण दुकानात ती सोयच नव्हती आणि बायका दिवसभर पाणी पीत नव्हत्या. मग बसण्यासाठी. अखेर २०१८ मध्ये केरळने दुकाने अधिनियमात दुरुस्ती करून कामगाराला बसायची सोय देणे बंधनकारक केले. तामिळनाडूने २०२१ मध्ये तसेच केले. केंद्राच्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही, उभ्याने काम कराव्या लागणाऱ्या सर्वांसाठी बसण्याची व्यवस्था ही मालकाने द्यायच्या सोयींत मोजली आहे. इकडे महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये दुकानांतल्या कामाची रोजची मर्यादा ९ तासांवरून १० तासांवर नेण्यास मंजुरी दिली. तास वाढत असतील तर खुर्ची आधी यायला हवी.

मी कायद्याचा धाक घालायला हे लिहीत नाही. इन्स्पेक्टर येईल म्हणून ठेवलेले स्टूल कोपऱ्यात धूळ खाते, त्यावर पिशव्या ठेवल्या जातात. स्टूल असून बसण्याची परवानगी नसेल, शेठजींची नजर वळली की मुलगी दचकून उठणार असेल, तर ते नसल्यासारखेच आहे. परवानगी तुम्ही तोंडाने द्यायला हवी, सगळ्यांसमोर, आणि फ्लोअर मॅनेजरला ऐकू येईल अशी. शिवाय दिवसभर पाय लोंबकळत ठेवून बसणे हाही उपाय नाही. थोडे बसणे, थोडे चालणे, उभे असताना टाचा उचलून खाली ठेवणे, जेवणाच्या सुट्टीत पाय छातीपेक्षा उंच ठेवून पंधरा मिनिटे आडवे होणे, हे सगळे मिळून पायाला आराम पडतो. त्यासाठी स्टॉकरूममध्ये एक सतरंजी पुरते.

आता उपचारांबद्दल, कारण इथे दोन्ही बाजूंनी चुकीची माहिती पसरली आहे. एकीकडे लोक म्हणतात, ‘नस काढली तर पाय लुळा पडेल, रक्त जाणार कुठून?’ पायातले सुमारे ९० टक्के रक्त खोल शिरांतून परत जाते. कातडीखालची बिघडलेली शीर उलट त्यांच्यावर भार टाकत असते. ती बंद केल्याने पायाचे काही अडत नाही, पाय हलका होतो. दुसरीकडे रस्त्यारस्त्यांवर लेझरच्या जाहिराती लागल्या आहेत आणि मांडीवरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक निळ्या रेघा दाखवून माणसाला टेबलावर घेतले जाते. त्या रेघांना बहुतेक वेळा काहीच करावे लागत नाही. उपचार ठरतो तो कलर डॉपलर तपासणीवर, आणि ती रुग्णाला उभे करून केलेली हवी. शिरेतले रक्त अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटे वाहत असेल तर झडप गळते आहे असे धरतात. कोणती शीर गळते, किती लांबीची, खोल शिरांत गुठळी तर नाही, हे सगळे त्या तपासणीत कळते. डॉपलर न करता ऑपरेशनची तारीख देणाऱ्याकडून उठून या.

खराब शीर बंद करायचे मार्ग आज अनेक आहेत. पूर्वी जांघेत आणि पायावर चीर देऊन अख्खी शीर ओढून काढत. ते ऑपरेशन आजही होते आणि योग्य हातांत चांगले होते. आता बहुतेकदा सुईच्या छिद्रातून शिरेत बारीक तार घालून लेझरच्या किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीच्या उष्णतेने ती आतून बंद करतात. त्याला पूर्ण भूल लागत नाही, रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो. काही शिरांना औषधाचा फेस टोचून मिटवतात, काहींत वैद्यकीय गोंद वापरतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ मध्येच सांगितले आहे की योग्य रुग्णांत आधी उष्णतेने शीर बंद करण्याचा विचार करा, ते जमत नसेल तर फेस, आणि तेही नसेल तर शस्त्रक्रिया. गरोदर बाईला मात्र यातले काही करायचे नसते. तिला घट्ट मोजे द्यायचे आणि बाळंतपणानंतर काही महिने वाट पाहायची, कारण तिच्या बऱ्याच शिरा आपोआप ओसरतात.

जखमेबद्दल मुद्दाम वेगळे लिहितो. ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर केलेली एक चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. सगळ्यांच्या पायांना दाबाची पट्टी बांधली होती. निम्म्यांची खराब शीर लगेच बंद केली, बाकीच्यांची जखम भरेपर्यंत थांबले. लगेच उपचार झालेल्यांची जखम भरायला मध्यकानुसार ५६ दिवस लागले, थांबलेल्यांना ८२ दिवस. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात २६ दिवसांचा अर्थ काय होतो, ते तुम्ही हजेरीपट सांभाळणारे लोक माझ्यापेक्षा चांगले जाणता. म्हणून ‘आधी जखम भरू द्या, मग बघू’ असे सांगून माणसाला परत पाठवणे मला पटत नाही.

दाबाचे मोजे हा साधा उपाय, पण आपल्या उन्हाळ्यात तो टिकवणे अवघड आहे हे मी रोज पाहतो. गुडघ्यापर्यंतचे मोजे बहुतेकांना पुरतात, ते साडीखाली दिसतही नाहीत. सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकण्याआधी घालायचे, रात्री काढायचे. साधारण सहा महिन्यांत त्यांचा ताण सैल पडतो, तेव्हा नवे घ्यायचे. तंबाखू किंवा विडीची सवय असलेल्या, चालताना पोटरी भरून येणाऱ्या, पायाची नाडी न लागणाऱ्या माणसाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे मोजे घालू नका. त्याच्या पायात आधीच रक्त कमी पोचत असते, त्यात बाहेरून दाब दिला तर पाय धोक्यात येतो. तेलाने रगडून चोळणेही थांबवा. शिरेत गुठळी असेल तर ते घातक ठरू शकते.

आणि एक गोष्ट तुमच्या प्रत्येक दुकानात माहीत असायलाच हवी. फुगलेली शीर कधी कधी अचानक फुटते आणि रक्ताची धार लागते. आजूबाजूचे घाबरून त्या माणसाला खुर्चीवर बसवतात, वर कुठेतरी दोरी आवळून बांधतात, आणि रक्त आणखी वाढते. अशा वेळी त्याला ताबडतोब जमिनीवर झोपवा, पाय उंच धरा, रक्त येते त्या जागेवर स्वच्छ कापड तळहाताने घट्ट दाबून धरा आणि मग दवाखान्यात न्या. पाय खाली लोंबता राहिल्याने या साध्या आजारात माणसे दगावलेली आहेत. तसेच एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, किंवा त्यासोबत धाप लागली, तर ते संध्याकाळपर्यंत थांबायचे दुखणे नाही.

उपचारासाठी प्रत्येकाने हैदराबादची नाही तर पुण्याची गाडी धरावी असे नाही. नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तिथल्या शल्यचिकित्सा विभागात पाय दाखवता येतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. तुमचा नोकर कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंदलेला असेल, तर आजारपणाच्या रजेत त्याला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी ती योजना आहे आणि तुमच्या दुकानांतले जवळजवळ सगळे त्या पगारमर्यादेत बसतील. नोंद करणे तुमच्या हातात आहे. ती टाळली जाते, आणि मग पायाला पट्टी बांधून माणूस कामावर येतो, कारण रजा म्हणजे पगार कापला.

तुम्ही वाईट लोक नाही आहात. लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात रेल्वेने पाणी आले, तेव्हा याच बाजारपेठेतल्या माणसांनी दारोदार टँकर पोचवले. नांदेडला सचखंड गुरुद्वाराच्या लंगरमध्ये मालक आणि मजूर एका पंगतीत बसतात, ते तुम्ही रोज पाहता. बसण्यात लहान-मोठे नसते, हे या मातीला शिकवावे लागत नाही. ते दुकानाच्या उंबऱ्याच्या आतही आणा.

येत्या लग्नसराईच्या आधी काउंटरमागे दोन माणसांत निदान एक स्टूल येऊ द्या. तुमच्या दुकानातल्या एका चांगल्या पैठणीच्या किमतीत एका मजल्याची स्टुले येतील. गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसा, असे सगळ्यांना सांगा. दर तासाला दहा मिनिटे पाय मोकळे करू द्या. बायकांसाठी स्वच्छ, आतून कडी लागणारा संडास द्या. व्यापारी संघांनी वर्षातून एकदा, दिवाळीनंतरच्या निवांत आठवड्यात, सगळ्या नोकरांचे पाय तपासण्याचे शिबिर ठेवावे. डॉक्टर आम्ही आणतो, त्याचे पैसे लागणार नाहीत. ज्याची कातडी काळवंडली आहे त्याला भरपगारी एक दिवस देऊन डॉपलरला पाठवा, जखम होण्याची वाट पाहू नका. आणि उद्या सकाळी शटर वर गेले की तुमच्याकडे सर्वांत जुनी असलेली बाई किंवा माणूस शोधा, आणि त्यांना विचारा : पाय कसे आहेत?

आपला,
मराठवाड्यातला एक शल्यचिकित्सक